व्हीआरएफ शिकताना: पिंग अडलं म्हणजे नेटवर्क वेगळं झालं असं नव्हे

एकाच लिनक्स राउटरमागे अकाउंट्सचे संगणक आणि सीसीटीव्ही कॅमेरे, आणि दोघांचाही पत्त्यांचा पट्टा १९२.१६८.१.०/२४. पत्ते बदलायची सोय नव्हती. व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली वेगळी नेटवर्क) १० आणि २० आधीपासून होते, पण व्हीलॅनचं वेगळेपण स्विचपुरतंच. राउटरवर दोन्ही इंटरफेस एकाच रूटिंग टेबलात (कुठला पत्ता कुठल्या बाजूला, याच्या यादीत) येऊन बसतात, आणि एकाच पट्ट्याच्या दोन नोंदी झाल्या की उत्तरं भलत्याच बाजूला जातात. म्हणून व्हीआरएफ, म्हणजे एकाच राउटरवर एकमेकांपासून वेगळी रूटिंग टेबलं ठेवणं, शिकायला घेतलं. लिनक्समध्ये हे कर्नल ४.३ पासून आहे, पण ४.८ च्या आधी प्रत्येक व्हीआरएफचे नियम हाताने घालावे लागतात. तेव्हा जुन्या कर्नलच्या वाटेला जाऊ नये.

मांडणी अशी: ऑफिसकडे ईथ०, पत्ता १०.०.०.२, हा मुख्य टेबलात. ईथ१.१० अकाउंट्सकडे, ईथ१.२० कॅमेऱ्यांकडे, दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१. कमांड इथे देवनागरीत देतोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

‘आयपी लिंक अ‍ॅड कॅमेरा टाइप व्हीआरएफ टेबल २०’ ही पहिली; ‘कॅमेरा’ हे व्हीआरएफचं नाव. ‘अननोन डिव्हाइस टाइप’ असं उत्तर आलं तर कमांड चुकलेली नसते, कर्नलचं व्हीआरएफ मॉड्यूल मिळालेलं नसतं. काही क्लाउड इमेजमध्ये ते वेगळ्या ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ पॅकेजमधून घ्यावं लागतं. मग ‘आयपी लिंक सेट कॅमेरा अप’. हे विसरलं की बाकी सगळं बरोबर दिसूनही काही चालत नाही. शेवटी ‘आयपी लिंक सेट ईथ१.२० मास्टर कॅमेरा’. अकाउंट्ससाठी हेच, ‘अकाउंट’ नावाने, टेबल १० घेऊन.

मास्टर लावताक्षणी इंटरफेसचा आयपीव्ही४ पत्ता टिकतो आणि त्याच्या पट्ट्याची नोंद नव्या टेबलात सरकते. त्या इंटरफेसवर हाताने घातलेले इतर रूट मात्र उडतात, ते पुन्हा घालावे लागतात. सिस्कोच्या आयओएसवर याहून वाईट: तिथे इंटरफेस व्हीआरएफमध्ये टाकला की आयपी पत्ताच जातो. रिमोटवरून काम करताना हे लक्षात नसेल तर स्वतःचीच दोरी कापली जाते.

इथवर आल्यावर कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये लॅपटॉप लावला, पत्ता १९२.१६८.१.५०, आणि ऑफिसच्या फाइल सर्व्हरला, म्हणजे १०.०.०.२० ला, पिंग केलं. शंभर टक्के लॉस. बहुतेक जण इथे थांबतात. पण राउटरवर ईथ० वर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावला तर १९२.१६८.१.५० कडून निघालेल्या इको रिक्वेस्ट (पिंगची पाकिटं) एकामागून एक बाहेर पडताना दिसल्या. पाकिटं सर्व्हरपर्यंत पोचत होती. परतीची वाट कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून फक्त उत्तर येत नव्हतं. उत्तराची वाट न पाहणाऱ्या एकतर्फी यूडीपी वाहतुकीला एवढी फट पुरते.

कारण ‘आयपी रूल’मध्ये, म्हणजे कुठलं टेबल कुठल्या क्रमाने वाचायचं याच्या यादीत, आहे. १००० क्रमांकाचा नियम व्हीआरएफचं टेबल वाचायला सांगतो. तिथे रूट सापडला नाही तर शोध थांबत नाही, खाली ३२७६६ वर, म्हणजे मुख्य टेबलावर, जातो. कॅमेऱ्यांना इंटरनेट द्यायचं नव्हतं म्हणून त्यांच्या टेबलात डिफॉल्ट रूट (दुसरा कुठलाही रूट लागू नसेल तेव्हाची वाट) ठेवलाच नव्हता, आणि नेमकं तेच भोक. उपाय: ‘आयपी रूट अ‍ॅड व्हीआरएफ कॅमेरा अनरिचेबल डिफॉल्ट मेट्रिक ४२७८१९८२७२’. मेट्रिक, म्हणजे रूटचा प्राधान्यक्रम (लहान आकडा आधी), एवढं मोठं अशासाठी, की पुढे खरा डिफॉल्ट रूट घातला तर तोच आधी लागू व्हावा. आता लॅपटॉपला राउटरकडूनच ‘डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल’ येतं आणि टीसीपीडंप गप्प राहतो. आयपीव्ही६ चालू असेल तर त्यासाठी हेच वेगळं करावं लागतं.

दुसरी फट शून्य क्रमांकाच्या नियमात. लोकल टेबल व्हीआरएफच्याही आधी वाचलं जातं, त्यामुळे कॅमेऱ्यांच्या बाजूने १०.०.०.२ हा राउटरचा ऑफिसकडचा पत्ता गाठता येतो. तो नियम खाली न्यायचा: आधी ‘आयपी रूल अ‍ॅड प्रेफ ३२७६५ टेबल लोकल’, मगच ‘आयपी रूल डेल प्रेफ ०’. क्रम उलटा केला तर राउटर स्वतःचे पत्तेच ओळखेनासा होतो आणि एसएसएचचं (दुरून लॉगिनचं) सत्र तिथेच अडकतं.

तपासणी नेहमी ‘पिंग -आय कॅमेरा’ अशी करायची. नुसतं पिंग मुख्य टेबलातून जातं आणि दिशाभूल करतं.

मग एसएसएच. अकाउंट्सच्या संगणकावरून राउटरला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, आणि सर्व्हिस तर चालू. कुठल्याही व्हीआरएफला न बांधलेला सॉकेट (सर्व्हिस जिथे कनेक्शनची वाट पाहते ती जागा) मूळ व्हीआरएफचीच, म्हणजे मुख्य टेबलाच्या बाजूचीच, कनेक्शन घेतो. ‘टीसीपी_एल३एमडेव्ह_अ‍ॅक्सेप्ट’ हे सिसकंट्रोल (कर्नलचं सेटिंग) १ केलं की काम होतं, पण मग असे सगळेच टीसीपी पोर्ट कॅमेऱ्यांनाही उघडे होतात. ते फायरवॉलने बंद करताना इनपुट साखळीत (राउटरसाठीच आलेल्या पाकिटांच्या नियमांत) इंटरफेसचं नाव ‘कॅमेरा’ लिहायचं. तिथे पाकीट व्हीआरएफच्या नावाने दिसतं, ‘ईथ१.२०’ लिहिलेला नियम कधीच लागत नाही.

अकाउंट्सना फाइल सर्व्हर हवाच होता. त्यांच्या टेबलात १०.०.०.२०/३२ ईथ० कडे, मुख्य टेबलात १९२.१६८.१.०/२४ ‘अकाउंट’ डिव्हाइसकडे, आणि सर्व्हरवर तोच पट्टा १०.०.०.२ मार्फत. तीनपैकी एक जरी राहिला तरी वाहतूक एकतर्फी होते. हा उलटा रूट दोनपैकी एकाच बाजूला देता येतो, पट्टा तोच असल्यामुळे. उद्या कॅमेऱ्यांनाही सर्व्हर हवा झाला तर पत्ते बदलणं किंवा नॅट (वाटेत राउटरने पाकिटावरचा पत्ता बदलणं), तिसरा मार्ग नाही. मी पत्तेच बदलेन.

आयपी कमांडने केलेलं रीबूटला पुसलं जातं. व्हीआरएफ आणि रूट सिस्टिमडी-नेटवर्कडीच्या (बूटला नेटवर्क उभं करणाऱ्या सेवेच्या) फाइलींमध्ये लिहिता येतात. शून्याचा नियम काढायला मात्र बूटच्या वेळी चालणारी छोटी सर्व्हिस केली. रीबूटनंतर ‘आयपी रूल’ची पहिली ओळ १००० ने सुरू होते का, हे पाहायचं. तिथे शून्य दिसलं तर सर्व्हिस चाललेली नाही.