दिवेवाल्याचा ठसा: तिसरा आठवडा

काल रात्री पहिला ठसा कागदावर उतरला. शिडी खांद्यावर घेतलेला दिवेवाला, मागे एक कंदील. शिडीच्या पायऱ्या स्वच्छ उठल्या, याचा फार आनंद झाला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: जुन्या डच चित्रांच्या धर्तीवर मी लाकडी ठसा कोरून चित्र छापतो आहे. नेदरलँड्समध्ये नवीन वर्षाच्या सुरुवातीला रस्त्यावरचे दिवे लावणारे, रात्रीचे पहारेकरी अशी मंडळी शुभेच्छांची कविता छापलेलं चित्र घेऊन दारोदार जात आणि बक्षिसी घेत. आपली दिवाळीची पोस्तच. जत्रेत, म्हणजे तिथल्या केर्मिसमध्ये, मिळणारी स्वस्त चित्रंही याच जातीची: लाकडी ठसा, साधा कागद, चित्राखाली यमक जुळवलेल्या ओळी. आधी किंमत एक ओर्त्ये, म्हणजे स्टायव्हर या जुन्या डच नाण्याचा पाव हिस्सा. 1816 च्या कायद्याने गिल्डरचे, म्हणजे तिथल्या रुपयाचे, 100 सेंट झाले, आणि पुढे या चित्रांना ‘सेंटस्प्रेंट’, म्हणजे सेंटचं चित्र, हेच नाव पडलं.

अक्षरांनी मात्र घाम काढला. तिथले छापखाने चित्राखाली शिशाचे खिळे जुळवत. माझ्याकडे खिळे नाहीत, म्हणून मराठी ओळी उलट्या कोरल्या. शिवणीच्या लाकडात शिरोरेषा लाकडाच्या रेषांना धरून चालली होती तोवर ठीक, पण उभ्या काना-वेलांट्यांवर चाकू घसरला आणि ‘दिवा’चा काना उडाला. आता ओळींसाठी वेगळी फळी घेतली आहे. चित्र आणि मजकूर वेगळे ठेवण्यातलं शहाणपण हात कापल्यावर कळलं.

फळीत किडीचं एक भोक होतं. लांबी भरून बुजवणार होतो, पण थांबलो. जुने ठसे वर्षानुवर्षं वापरात असत, एका छापखान्याकडून दुसऱ्याकडे जात. कीड लागली की छापात पांढरे गोल ठिपके येत. एकाच ठशाच्या दोन प्रती शेजारी ठेवा: जिच्यात ठिपके जास्त, ती नंतरची. ठिपक्यांच्या आकारावरून कीडसुद्धा ओळखू येते. उत्तर युरोपातली भोकं साधारण 1.4 मिलिमीटरची, दक्षिणेकडची 2.3 च्या आसपास. एवढं कळल्यावर जुन्या प्रतींतले ते ठिपके डाग वाटेनासे झाले. माझं भोक दिवेवाल्याच्या टोपीच्या वर येतं. तसंच ठेवलं.

रंग फक्त लाल आणि पिवळा. जुन्या प्रतींत रंग भराभर मारलेला असतो, रेषेबाहेर सहज जातो. मी सहा प्रतींवर तसा हात सोडून पाहिला. पाच फसल्या, त्या जपून रंग भरल्यासारख्या दिसतात. सहावीत लाल रंग टोपीवरून कंदिलापर्यंत ओघळला आहे, आणि तीच भिंतीवर लावली.

रविवारी ओळींची फळी.