तीन सेकंद

आमचं दुकान सोलापुरात, कन्ना चौकाजवळ. वडिलांच्या काळात व्हिडिओ लायब्ररी होती. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा एका रात्रीचा सेट भाड्यानं जायचा. आता झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर भरून देणं. कॅसेट येतात त्या बहुतेक लग्नाच्या. अक्षता दहा मिनिटं आणि पंगत सव्वा तास. मी लावून देतो आणि झेरॉक्सकडे वळतो. बघत कोण बसणार?

मे महिन्यातल्या एका दुपारी अण्णा आले. सत्तरी ओलांडलेले, पूर्व भागातले, सगळी उमर टॉवेलच्या मागावर गेलेली. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि पिक्चर हिंदी. सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक कॅसेट त्यांनी काउंटरवर ठेवली.

"मालक, ही लग्नाची न्हवं. जपून."

ऐंशीच्या दशकातला भुताचा पिक्चर होता. भुतांच्या पिक्चरवाल्या रामसे बंधूंचा नव्हे. त्यांचा 'पुराना मंदिर' १९८४ साली धो धो चालला आणि त्या वाऱ्यावर कितीतरी जणांनी हवेली आणि धूर भाड्यानं घेतला, त्यांतला एक. नाव लिहीत नाही, कारण अण्णांनी शपथ घातलीय. नाव फुटलं की कुणीतरी कुठूनतरी खराब प्रत काढून स्वतःचा शिक्का मारून यूट्यूबवर टाकणार, हे त्यांचं म्हणणं. खोटं नाही.

सोबत लाल पुठ्ठ्याची खतावणी होती. एका बाजूला डिस्कवर 'आलेले' पिक्चर, दुसऱ्या बाजूला 'यायचे'. 'आलेले'मध्ये मोझरबेअरच्या स्वस्त डीव्हीडी, २००७च्या सुमारास ३४ रुपयांना मिळायच्या त्या. मोंडो मॅकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीनं काढलेल्या रामसेंच्या डीव्हीडीही. त्या त्यांनी अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवल्या होत्या. "आपल्या भुतांना सायबांनी पॉलिश केलं बघा," म्हणाले. 'यायचे'ची बाजू दुप्पट लांब. त्यात पहिल्याच ओळीत हा पिक्चर.

अण्णांना तो ब्लू-रे डिस्कवर आलेला हवा होता. मी नेहमीचं सांगितलं. कॅसेटवरून ब्लू-रे होत नाही. व्हीएचएसमध्ये, म्हणजे असल्या कॅसेटमध्ये, तपशील जेमतेम अडीचशे रेषांचा, ब्लू-रेला १०८० लागतात. निगेटिव्ह पाहिजे, नाहीतर निदान ३५ एमएमची धड प्रिंट. वर हक्क कुणाकडे, निर्माता गेल्यावर वारसांत भांडणं आहेत का, हे वेगळंच.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि वही उघडून माझाच वर्ग घेतला. पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दाखवतात, त्यावर लांबी मीटरमध्ये असते. या पिक्चरची ३७२० मीटर. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला २७.३६ मीटर पळते, म्हणजे १३६ मिनिटं. थिएटरात सेकंदाला २४ फ्रेम, आपल्या व्हिडिओत २५, म्हणून कॅसेटवर तेच साडेएकशे तीस मिनिटांत संपतं. टीव्हीवर दाखवतात ती प्रत ११७ मिनिटांची. त्यांची कॅसेट १२९ मिनिटं ४० सेकंद.

"बारा मिनिटं चाळीस सेकंद फक्त माझ्याकडं हायती. कव्वाली आन् तळघरातलं भांडण. डिस्क काढणारे नवी प्रिंट वापरतील, आन् गायब तुकडे असल्या कॅसेटवरनं मधी जोडतील. करतेत तसं."

करतात, खरंय. चित्र मध्येच फिकं पडतं, पण सीन परत येतो. पण प्रिंट कुठं आहे, मी विचारलं. तर म्हणाले, "मराठीतल्या 'घाशीराम कोतवाल' पिक्चरची प्रत बर्लिनला निघाली की. मग माझ्या भुताची का निघू नये?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॅसेट लावली. लग्नाच्या कॅसेटी लावतो तशीच. इथं चूक माझी. आधी झाकण उघडून आत बघायला हवं होतं. मुंबईकडच्या कॅसेटला बुरशी लागते. आमच्याकडे हवा कोरडी, म्हणून मी निर्धास्त. पण अण्णांच्या घरात माग. चाळीस वर्षांची सुताची तूस रिळाच्या कडेला बसून घट्ट झाली होती. तळघरातल्या सीनच्या थोडं आधी चित्र थरथरलं, आतून चर्र आवाज आला आणि मशीननं टेप खाल्ली.

दुकानात पंखा होता, तरी मला घाम फुटला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त स्टूल जवळ ओढलं.

पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली. टेपचा सात सेंटिमीटर तुकडा चुरगळून पार गेला होता, तो कापावाच लागला. दोन्ही टोकं पट्टीवर समोरासमोर आणली तेव्हा अण्णांचा हात आपोआप पुढं आला. मागाच्या बीमवरचा धागा तुटला की ते झटक्यात गाठ मारायचे, ती सवय.

"गाठ न्हाई अण्णा. एकावर एकपण न्हाई. नुसतं टेकवायचं."

"गाठ न्हाई तर टिकंल कसं?"

पाठीमागून पातळ स्प्लायसिंग टेप लावली. चित्र असतं त्या बाजूला चिकट लागला तर मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडचं वाटोळं, आणि शेवटपर्यंत टिकलेल्या फुनाई कंपनीनंही २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवल्यापासून नवं मशीन कुठून आणणार? कडा नखानं दाबल्या. अण्णांनी चष्मा वर करून जोड बोटानं नव्हे, श्वास रोखून तपासला. मग उरलेली तूस कापडानं टिपत, हातानं रीळ फिरवत सगळी टेप मोकळी केली. दीड तास गेला. झेरॉक्सवाली पोरं परत गेली.

दुसऱ्या वेळी जोड हेडवरून गेला तेव्हा दोघंही उभे होतो. पडदा फाटल्यासारखा झाला, पांढऱ्या रेषा नाचल्या, आणि मग तळघर. तळाशी अगरबत्तीची जाहिरात सरकत होती, वर भूत हिरोची कॉलर धरून उभं. अख्खं भांडण आलं.

"किती गेलं?" त्यांनी विचारलं.

टेप सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरच्या थोडी वर पळते. सात सेंटिमीटर म्हणजे तीन सेकंद, पंचाहत्तर फ्रेम. मी पैसे घेणार नाही म्हटलं. त्यांनी ते ऐकलं नसावं. खतावणीतलं १२९ : ४० एका रेघेनं खोडून १२९ : ३७ लिहिलं, पुढं 'मालकाच्या मशीनमध्ये' असं लिहिलं, तारीख घातली, आणि वही माझ्याकडे सरकवून खाली माझी सही घेतली.