चार औंस की दहा औंस

दुसऱ्या दिवशी दुपारी सेमिनार होता आणि स्लाइड्समध्ये एकच आलेख घालायचा राहिला होता. न्यू मेक्सिको राज्याचा गॅस जाळण्यावरचा नियम येण्याआधीच्या वर्षांचा. हा आलेख कंटाळवाणाच असावा लागतो. नियम नव्हता तेव्हा परिणामही नव्हता एवढं त्यात दिसावं, लोकांनी माना डोलवाव्यात आणि आपण पुढच्या स्लाइडवर जावं. माझ्या आलेखात मात्र २०१५ सालीही परिणाम होता, २०१६ साली होता, २०१९ साली होता. नियम लागू झाला तो २०२१ च्या मे महिन्यात.

आधी काम काय होतं ते सांगते. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या हद्दीवर पर्मियन खोरं पसरलंय, अमेरिकेतलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र. खालच्या खडकाला हद्द कळत नाही, वर मात्र रेघेच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा. नियमनाचे परिणाम मोजणाऱ्यांना यापेक्षा चांगली जागा सापडायची नाही. तिथल्या विहिरींतून तेलाबरोबर गॅस येतोच. तो न्यायला पाइपलाइन नसेल किंवा भाव नसेल तर जाळून टाकणं स्वस्त पडतं. पश्चिम टेक्सासातल्या वाहा हबवर, म्हणजे पाइपलाइनी जिथे एकत्र येतात त्या गॅसच्या बाजारात, २०१९ पासून गॅसचा भाव कित्येकदा शून्याखाली गेलाय, म्हणजे गॅस घेऊन जा म्हणून विकणाराच पैसे मोजतो. टेक्सासमध्ये ठरावीक मुदतीपलीकडे जाळायचा असेल तर रेलरोड कमिशनकडून, म्हणजे तिथल्या तेल-गॅस नियामकाकडून, सूट मागायची. (नाव रेलरोड, पण २००५ पासून रेल्वेशी काडीचाही संबंध नाही.) न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये सरळ आकडाच घातला : २०२६ अखेर निघालेल्या गॅसपैकी ९८ टक्के पकडलाच पाहिजे.

टक्केवारीचा नियम आला की अर्थशास्त्रज्ञाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो छेदाचा. पकडलेला गॅस वाढवणं खर्चिक, निघालेला गॅस कमी दाखवणं फुकट. आमच्या पेपरचा प्रश्न तोच होता आणि उत्तर हाती आलं होतं. हद्द ओलांडून न्यू मेक्सिकोत शिरलं की तेलाच्या प्रत्येक पिंपामागे नोंदवलेला गॅस साधारण अडीच टक्क्यांनी कमी. पाणी कुठे मुरतंय ते सापडलं, असं आम्हाला वाटलं. माझ्या गाइडनी शीर्षकसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

या आकड्यामागे माझे आठ महिने होते, आणि त्यांचा मला अजूनही अभिमान आहे. न्यू मेक्सिकोत प्रत्येक विहिरीचं उत्पादन दर महिन्याला स्वतंत्र नोंदवतात. टेक्सासमध्ये गॅसच्या विहिरी सुट्या मोजतात, पण तेलाचं उत्पादन अख्ख्या लीजचं, म्हणजे करारावर घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याचं, मिळून एकच. एका लीजवर दोन विहिरी असोत की चाळीस, आकडा एक. या नोंदी संशोधकांसाठी ठेवलेल्याच नाहीत. १९३०–३१ मध्ये पूर्व टेक्सासात इतकं तेल निघालं की भाव कोसळले, ऑगस्ट १९३१ मध्ये गव्हर्नर स्टर्लिंगनी विहिरी बंद करायला नॅशनल गार्ड धाडलं. कोणी किती उपसायचं याचा कोटा त्या काळापासून कमिशन बांधून देत आलं. कोट्यासाठी जेवढं मोजणं भाग होतं तेवढं मोजलं गेलं. त्या एका आकड्याची विहिरीविहिरीत वाटणी करायची म्हणजे विहिरींच्या चाचण्या, त्यांची वयं, कोणती कधी बंद होती हे सगळं जुळवावं लागतं. विहिरीच्या क्रमांकात टेक्सासचा आकडा ४२, न्यू मेक्सिकोचा ३०. पुढचे तीन अंक काउंटीचे : ली ०२५, एडी ०१५, लव्हिंग ३०१. लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं भरली, विहिरी किती ते विचारू नका. हे क्रमांक मला झोपेतही पाठ होते. वाटणीचा कोड मी तीनदा मोडून पुन्हा लिहिला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते असं.

आलेख घेऊन सकाळीच गाइडकडे गेले. त्यांनी पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "नियम येणार हे कंपन्यांना आधीच कळलं असेल. अपेक्षेचा परिणाम."

"सर, सहा वर्षं आधी?"

"राजकारणाचा वारा ओळखतात ते लोक."

आमच्या विषयात 'अपेक्षा' हा शब्द डिंकासारखा आहे, कशालाही लावला की चिकटतो. माणूस वाईट नाही, हुशार तर नक्कीच. पण शीर्षक ठरलं की त्यांचे डोळे शीर्षकाच्या बाजूनेच वाचायला लागतात. मी काही बोलले नाही. माझंही नाव त्या शीर्षकाखाली होतंच.

दुपारपर्यंत जे जे शिकवलंय ते सगळं करून पाहिलं. हद्दीला अगदी चिकटलेल्या विहिरी वगळल्या. खोली आणि वय जुळवलं. मग दोन्ही राज्यांत विहिरी असलेल्या कंपन्या घेतल्या आणि एकाच कंपनीच्या अलीकडच्या-पलीकडच्या विहिरी ताडून पाहिल्या. अडीच टक्के. मोठ्या कंपन्या, अडीच. पाच विहिरींचा छोटा मालक, अडीच. भाव चढे असताना, पडलेले असताना, अडीच.

तेव्हा कुठे मला खरी शंका आली. कमी दाखवणारे असे एका मापाने वागत नाहीत. एखादा दहा टक्के खाईल, एखादा अर्धा, एखादा घाबरून काहीच नाही. लबाडी विखुरलेली असते. इथे सगळा ढीगच्या ढीग एका बाजूला सरकला होता, टेबलावरची चादर कोणी ओढावी तसा.

आमच्या इमारतीत वर्षातून एकदा गॅसमापनाचे दोन तास घ्यायला एक निवृत्त अभियंते येतात. सगळी नोकरी मीटरजवळ गेलेली. त्यांच्या तासाला अर्थशास्त्रवाले सहसा जात नाहीत. मी गेले होते, पण मागे बसून मेल वाचत होते. त्यांना फोन लावला. मी स्टँडर्ड एररपासून सुरुवात केली. त्यांनी दोन वाक्यं ऐकून घेतली आणि विचारलं,

"घनफूट कुठला धरलात?"

मला प्रश्नच कळला नाही. घनफूट म्हणजे घनफूट.

"चार औंसांचा की दहा औंसांचा?"

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. गॅस दाबला की आक्रसतो, त्यामुळे 'एक घनफूट गॅस' याला तापमान आणि दाब ठरवल्याशिवाय काही अर्थच नाही. पाइपात एक भोकाची चकती बसवलेली असते. तिच्या आधी आणि नंतर दाबात जो फरक पडतो त्यावरून प्रवाह काढतात, आणि मग तो एका ठरीव दाबाला बदलून लिहितात. पूर्वी दोन पेनांची गोल कागदी तबकडी फिरायची, एक पेन दाबातल्या फरकाचं, एक पाइपातल्या दाबाचं. ती तबकडी बदलत त्यांची सुरुवातीची वर्षं गेली. हा 'ठरीव दाब' कुठून आला? जुन्या काळी गॅस हवेच्या दाबापेक्षा काही औंसच जास्त दाबाने विकला जायचा. करारांत तसंच लिहिलेलं असे : हवेचा दाब सरासरी चौरस इंचाला १४.४ पौंड धरा, वर चार औंस. कुठे आठ, कुठे दहा. सोळा औंसांचा पौंड. चार औंस म्हणजे पाव पौंड : १४.६५. दहा औंस म्हणजे ०.६२५ पौंड : १५.०२५. टेक्सासने कायद्यात पहिला घातला, न्यू मेक्सिकोने दुसरा. लुइझियानाही १५.०२५ वाल्यांतलंच.

"आणि केंद्र सरकार?" मी विचारलं.

"त्यांचा तिसराच. १४.७३. तीस इंच पारा."

फोन चालू असतानाच मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. १४.६५ भागिले १५.०२५ : ०.९७५. तोच गॅस, तीच विहीर. पण न्यू मेक्सिकोचा घनफूट जास्त दाबून भरलेला, म्हणून मोजताना आकडा अडीच टक्क्यांनी कमी भरतो. ज्याची फूटपट्टी लांब त्याच्या खोलीची लांबी कमी भरावी, तसं. ना कोणी लपवलं, ना कोणी चोरलं. आठ महिने मी दोन राज्यांच्या फूटपट्ट्यांतला फरक मोजत होते, आणि मोजला होता फार अचूक.

या धंद्यातलं कोणीच यात फसत नाही. करारात दाब लिहिलेला असतो, आणि पैसे बहुतेक उष्णतेवर ठरतात. फसतात ते आमच्यासारखे, विहीर न बघता विहिरींची तालिका विकत घेणारे. डेटा विकणाऱ्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्या रकान्यापुढे दोनच शब्द आहेत : 'राज्याकडे नोंदवल्याप्रमाणे'. रकाना एकच, शीर्षक 'गॅस, एमसीएफ'. त्यातला एम म्हणजे हजार, रोमन आकड्यातला. ते मात्र आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकतो आणि नव्या मुलांना ऐटीत सांगतो.

फोन ठेवल्यावर मी माझ्या टिपणांच्या फाइलमध्ये '१५.०२५' शोधलं. सापडलं. फेब्रुवारीत न्यू मेक्सिकोचे नियम वाचताना घनफुटाची व्याख्या मीच उतरवून घेतली होती, औंसांसकट, आणि समोर लिहिलं होतं : 'तांत्रिक, गरज नाही'. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती ओळ मी अजून पुसलेली नाही.

कोडमध्ये दुरुस्ती एका ओळीची होती. चालवला. अडीच टक्क्यांच्या जागी शून्याला चिकटलेला ठिपका आला, त्याच्या दोन्ही अंगांना एररची शेपटी. नियमानंतरच्या वर्षांतही तसाच.

गाइडना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लुइझियानाची हद्द घेतली तर उलट दिशेने हेच दिसेल का?" मला राग यायला हवा होता, पण प्रश्न बरोबर होता. टेक्सास-लुइझियाना हद्दीवरही तोच भागाकार लागू व्हायला हवा. शीर्षक मेलं आणि पाचव्या मिनिटाला ते संशोधक म्हणून परत आले. हे त्यांचं मला आवडतं. सकाळचं आवडलं नव्हतं.

सेमिनार रद्द केला नाही. पहिली स्लाइड जुना आलेख, दुसरी भागाकार, तिसरी नवा आलेख. बोलायला अकरा मिनिटं पुरली. थोडे हसले, थोडे शून्यात बघत बसले. तिसऱ्या रांगेत एक वरिष्ठ प्राध्यापक होते. राज्याराज्यांच्या गॅस उत्पादनावर त्यांचं बरंच काम आहे. दुसऱ्या स्लाइडवर त्यांनी लॅपटॉप उघडला. मला वाटलं टिपण घेतायत. ते खाली स्क्रोल करत होते, करतच होते, आणि प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आत निघून गेले. नंतर कधी त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

माझ्या मनातून जात नाही ते वेगळंच. हा पेपर त्याआधी चार ठिकाणी मांडून झाला होता. हद्दीपासून किती मैल घेतले, क्लस्टर कशावर केलं, उपग्रहातून दिसणाऱ्या ज्वाळांशी ताळा केला का, असे प्रश्न आले. सगळे शहाणे प्रश्न, सगळ्यांना माझ्याकडे उत्तर होतं. घनफूट केवढा, हे एकानेही विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना आवडलं होतं. तेलकंपन्या कमी दाखवतात म्हटलं की आमच्या खोलीत कोणालाच धक्का बसत नाही. मलाही बसला नव्हता. त्या कंपन्यांची कड घ्यायची मला हौस नाही. पण हद्दीच्या आत सगळे जण अडीच टक्के आकडे खातात असं लिहून आम्ही ते छापणार होतो. एखाद्या सुनावणीत कोणीतरी तो कागद फडकावला असता, आणि समोरच्या बाजूच्या एखाद्या मीटरवाल्याने एका वाक्यात आम्हाला गप्प केलं असतं. त्यापुढे जाळलेल्या गॅसबद्दल आमचं खरं असलेलंही कोणी ऐकलं नसतं. आणि कंटाळवाणा आलेख मी शेवटच्या दिवसावर ठेवला होता. स्लाइड्स लांबल्या असत्या तर गाळलाही असता.

त्या अभियंत्यांना मी दुरुस्त आलेख पाठवला, आभार मानले. पुढच्या प्रकरणात रॉयल्टीचा हिशेब घनफुटांवर नाही, उष्णतेवर करणार आहोत, डॉलर प्रति एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश उष्णता एककं), तेव्हा आता ही भानगड संपली, असंही लिहिलं.

तासाभरात उत्तर आलं. एकच ओळ. "उष्णता ओल्या गॅसची धरलीय की कोरड्या?"

मी हिशेब केला. बाष्पाने पूर्ण भरलेला गॅस आणि कोरडा गॅस, ६० अंश फॅरनहाइट, १४.७३ पौंड : फरक १.७४ टक्के. रॉयल्टीच्या प्रकरणातला आमचा मुख्य आकडा पावणेदोनच्या आसपास आहे. फाइल अजून उघडलेली नाही.