आमची वाटचाल : खडूच्या दोरीपासून पडद्यावरच्या नावापर्यंत

इंदूरच्या रामबागेत आमच्या वडिलांनी पाट्या रंगविण्याचे काम सुरू केले, त्या काळी चित्रपटगृहांवरचे मोठे फलक हातानेच रंगविले जात. इंदूर हे मध्य भारतातील चित्रपट वितरणाचे जुने ठाणे असल्यामुळे कामाला तोटा नव्हता, आणि याच शहरात वाढलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवीत होते, हे बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोऱ्याला ऐकवीत. मात्र त्याच्या हाती ब्रश देण्याआधी ते खडू चोळलेली दोरी देत. दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणायची, मधोमध चिमटीत धरून सोडायची, की फलकावर सरळ पांढरी रेघ उमटे. ती शिरोरेषा. अक्षरे मागाहून त्या रेघेखाली उतरत. रोमन अक्षरे जमिनीवर उभी असतात आणि आपली अक्षरे वलणीवरच्या कपड्यांसारखी लोंबतात, हे मला शाळेने नव्हे, त्या दोरीने शिकविले.

पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. कोरल ड्रॉ हे संगणकावर रेखाटण्याचे सॉफ्टवेअर, कृतिदेव हा देवनागरी फॉन्ट, प्लॉटर या कापणाऱ्या यंत्रावर कापलेल्या रेडियमच्या पट्ट्या आणि लग्नपत्रिका यांवर घर चालले, एवढे पुरे.

भयाच्या अक्षरांशी आमची पहिली गाठ सिनेमात नव्हे, जत्रेत पडली. एका मेळ्यातील ‘भूतघर’ या खेळासाठी रक्त ओघळणाऱ्या अक्षरांचा फलक हवा होता. मी एका इंग्रजी फॉन्टमधले ओघळ उचलले, ते देवनागरीवर चिकटविले आणि शिरोरेषेवरून रक्ताची एक सलग धार सोडली. भ आणि म किंवा ध आणि घ यांच्यातील फरक डाव्या कोपऱ्यातील छोट्याशा गाठीवर आणि तेथे मोकळ्या सोडलेल्या शिरोरेषेवर उभा असतो. माझ्या धारेने भची ती मोकळी जागा बुजविली. संध्याकाळी फलक लागला आणि पोरांच्या पहिल्याच टोळक्याने त्याचे जे वाचन केले, ते येथे लिहिणे शोभणार नाही. गिऱ्हाईकाने अर्धेच पैसे दिले आणि तेही हसत हसत, याचे वाईट अधिक वाटले. त्या रात्री फलक उतरवून पाहिला तेव्हा बाकीच्या चुकाही दिसल्या. अक्षराखाली आलेला ओघळ उकारासारखा किंवा हलन्तासारखा वाचला जात होता, आणि वर उडालेला रक्ताचा थेंब सरळ अनुस्वार झाला होता. आपल्या लिपीत अक्षराच्या वरची आणि खालची जागा रिकामी नसते, तेथे स्वर राहतात. त्यामुळे रोमन अक्षरांना चालणारी सजावट येथे शब्दच बदलून टाकते.

चित्रपटाचे पहिले काम आजोळ इंदुरात असलेल्या, पुण्यात राहणाऱ्या एका तरुण दिग्दर्शकाकडून आले. त्यांच्या भयपटाचे नाव ‘अडसर’. त्यांनी सोबत आणलेल्या नमुन्यांत चित्रपटांची शीर्षके रचणाऱ्या सॉल बास यांनी १९६० साली हिचकॉकच्या ‘सायको’साठी आडवी कापून सरकविलेली अक्षरे होती. तसेच काहीतरी करावे, ही त्यांची इच्छा होती. मी त्यांच्यासमोर ‘अडसर’ हा शब्द कागदावर लिहिला आणि त्याचा खालचा अर्धा भाग पोस्टकार्डाने झाकला. रोमन शब्द वरच्या अर्ध्यावरून बहुधा ओळखू येतो. आमच्या शब्दाच्या वर मात्र सर्वांना सारखी असलेली रेघ आणि तिच्याखाली चार अर्धवट फाटे, एवढेच उरले होते. कापण्याची कल्पना तेथेच बारगळली. त्याच नमुन्यांतील १९७९ च्या ‘एलियन’चे शीर्षक अधिक उपयोगी ठरले, कारण त्यात अक्षरे न मोडता एकेक रेघ अतिशय सावकाश प्रकट होते आणि शब्द कळेपर्यंत प्रेक्षक ताटकळत राहतो.

ज्यांनी जुना वाडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो की अडसर म्हणजे दाराच्या आतून भिंतीतल्या खोबणीत आडवा सरकविण्याचा दांडा. शिरोरेषाच अडसर व्हावी, हे मग वेगळे सुचावे लागले नाही. काळ्या पडद्यावर आधी चार बोडकी अक्षरे दिसतात, आणि उजवीकडून, म्हणजे वाचण्याच्या उलट दिशेने, एक दांडा त्यांच्या डोक्यावरून सरकत येतो. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने आम्ही सरकण्याला ७२ चौकटी दिल्या. ४८ चौकटींत तो दांडा यंत्राने ढकलल्यासारखा वाटत होता. लाकडाचा पोत संगणकातून घेतला नाही. आमच्याच गल्लीत पाडल्या जाणाऱ्या एका वाड्याचा सागवानी अडसर मालकांकडून मागून आणला, त्यावर बटर पेपर ठेवून कोळशाने छाप घेतली आणि ती स्कॅन केली. दोन्ही टोकांना हातांच्या घासण्याने गुळगुळीत झालेली जागा त्या छापेत कोरीच राहिली. शिरोरेषेच्या टोकांना आम्ही ती तशीच ठेवली आहे.

चूक येथेही झालीच. अक्षरांना जुनाट तडे देताना सच्या पोटातील आडवी जोडरेघ मी तोडली. फोनवर नमुना पाहून आई म्हणाली, “अडरार म्हणजे काय रे?” ती जोडरेघ गेली की सचे र आणि काना असे दोन तुकडे होतात, हे पाटी रंगविणाऱ्याच्या मुलाला आईने सांगावे लागले. तडा मग डच्या खालच्या वळणात नेला, कारण तेथे मोडले तरी ड हा डच राहतो.

अंतिम चौकटी २०४८ बाय ८५८ पिक्सेलांच्या, पारदर्शक पार्श्वभूमीच्या दिल्या. हलणाऱ्या अक्षरात चार पिक्सेलांहून बारीक रेघ ठेवायची नाही, कारण ती लुकलुकते, आणि अंधाऱ्या सभागृहात निखळ पांढरा रंग वापरायचा नाही, हे दोन नियम आम्ही त्या कामापासून पाळतो.

तो सागवानी दांडा परत न्यायला कोणी आले नाही. तो दुकानाच्या दारामागे उभा आहे. सध्या टेबलावर आणखी एका भयपटाचे नाव आहे. त्यात म आणि भ शेजारीशेजारी आले आहेत आणि निर्मात्यांना लाल ओघळ हवेच आहेत. ओघळ फक्त कान्यांच्या टोकांवरून सोडलेला एक नमुना आणि अजिबात ओघळ नसलेला दुसरा, असे दोन्ही सोमवारी पाठविले आहेत.