खुर्चीतला ईसीजी: आर पीक दिसला, पण पाऊस नडला

दिसला एकदाचा! आत बनियन, वर सुती शर्ट, अंगाला काहीही चिकटवलेलं नाही, नुसतं इलेक्ट्रोड लावलेल्या खुर्चीला टेकून बसलो आणि स्क्रीनवर ईसीजीतले आर पीक (हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) ओळीने, त्यामागची छोटी टी वेव्हसुद्धा बऱ्यापैकी. बाबांना बसवलं, त्यांचाही आला. भाच्याचा नाही आला, पॉलिस्टरची जर्सी, नुसता स्टॅटिक. ईसीजीचा जनक आइंथोव्हेनने लोकांचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवले होते, आपण शर्टावरून घेतोय, तेव्हा जरा कॉलर टाइट करू द्या.

घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट गेला तो सीटवरच्या फॉइलमुळे. दोन्ही इलेक्ट्रोडचं कॉमन मोड (दोघांवर सारखंच येणारं व्होल्टेज) उलटं करून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलला दिलं, वर टॉवेल, झालं काम. ती एकच फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या नॉच फिल्टरच्या मी विरोधातच आहे, क्यूआरएसनंतर (आर पीकभोवतीचा टोकदार भाग) रिंगिंग (खोट्या लाटा) येतं आणि मग खरं काय नि फिल्टरचं काय तेच कळत नाही.

आता रडगाणं. सांगलीत पाऊस लागलाय, कृष्णेचं पाणी चढतंय आणि इकडे बेसलाइन (ट्रेसची मूळ रेघ) पळतेय. गंमत म्हणजे शर्ट जरा दमट असला की सिग्नल उलट छान येतो, पण तीच दमट हवा बोर्डवर बसली की वाट लागते. शर्टातून कपॅसिटन्स मिळतो जेमतेम ३०-४० पिकोफॅरड, अर्ध्या हर्ट्झपर्यंत खाली जायचं तर इनपुटला १० गिगाओमचा रेझिस्टर लागतोच. एलएमसी६०८१ या अँप्लिफायर चिपचा बायस करंट (इनपुटमधून वाहणारा) १० फेम्टोअँप, त्याने ०.१ मिलिव्होल्ट हलतं, सोडून द्या. पण बोर्डवरून १०० पिकोअँप गळाले की थेट १ व्होल्ट! आणि आर पीक मुळात १ मिलिव्होल्टच्या आसपास.

चिपची इनपुट पिन (३ नंबरची) वरच्या बाजूला वाकवून हवेतच जोडली, इनपुटभोवतीची गळती अडवणारी गार्ड रिंग आउटपुटला दिली, फरक पडला पण पुरेसा नाही. बोर्ड पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ९९% म्हणून ऑनलाइन मागवलं त्यात पाणीच जास्त असावं, पुसल्यावर पांढरट थर राहतो, त्या सेलरकडून परत घेणार नाही. हेअर ड्रायर मारला की ट्रेस सरळ, चहा पिऊन येईपर्यंत परत तेच.

पुढचा बेत गादीखाली इलेक्ट्रोड घालायचा होता, पण थांबा, हे टाइप करतानाच सुचलं, १० गिगाच्या जागी बीएव्ही१९९ चे (अगदी कमी गळतीचे) दोन डायोड उलटसुलट का लावू नयेत? गळती झाली तरी अर्ध्या व्होल्टच्या आत क्लॅम्प, आणि माणूस हलला की आउटपुट रेलला (सप्लायच्या टोकाला) जाऊन बसतं नि परत यायला किती वेळ लावतं तेही सुटेल, कारण मोठ्या व्होल्टेजला डायोड स्वतःच वाहायला लागतो. मे महिन्यात बोंब होईल म्हणा, डायोडचं लीकेज तापमानाच्या दर १० अंशाला साधारण दुप्पट होतं. पण मे लांब आहे. गादी राहू दे, आधी हेच. सोबत फ्रंट एंड (इनपुटचा हा बोर्ड) सिलिका जेल टाकून पत्र्याच्या डबीत बंद करतो, शील्डिंगही होऊन जाईल. इनपुटची वायर डबीतून बाहेर काढायला टेफ्लॉनचे स्टँडऑफ (गळती न होऊ देणाऱ्या खुंट्या) लागतील, सांगली-कोल्हापुरात सुटे दोन-चार कुठे मिळतात का? शंभरचं पाकीट नकोय.