पारव्याचं डोकं कुठे टेकतं?

लहान मुलांच्या एका मालिकेचं ॲनिमेशन आमच्याकडे चालू होतं. शॉट साधा होता: वाड्याचं अंगण आणि त्यातून तुरुतुरु जाणारा पारवा. दुपारी दिग्दर्शकांचा शेरा आला, "पारवा चालत नाही, सरकतोय."

आमच्या धंद्यात सरकण्याचा संशय पहिल्यांदा पायांवर. टेकलेलं पाऊल फ्रेमगणिक जरा जरी हललं, तरी प्राणी शेवाळावरून घसरल्यासारखा दिसतो. पण पावलं पक्की होती. रिगही, म्हणजे पात्राला हलवणारा आतला सांगाडाही, बरोबर होता. पक्ष्याच्या पायात जो उलटा वळलेला गुडघा वाटतो, तो खरं तर घोटा; खरा गुडघा वर पोटाशी, पिसांत झाकलेला असतो. हा सांगाडा बसवणाऱ्या आमच्या रिगरने तो असायला हवा तिथेच ठेवला होता. (या एका सांध्यावरून स्टुडिओत झालेल्या भांडणांवर वेगळा लेख होईल.)

"ताई, मान हलतेय की! पुढे-मागे, पुढे-मागे," शॉट करणारा मुलगा म्हणाला. आपल्या सगळ्यांना दिसतं तसंच त्याने केलं होतं.

खाली पार्किंगमध्ये पारव्यांना काय तोटा! मोबाईल जमिनीला टेकवून ठेवला, सेकंदाला २४० फ्रेमवर चित्रण केलं आणि वर येऊन मॉनिटरच्या काचेवर मार्करने प्रत्येक फ्रेमला दोन ठिपके देत गेलो, एक छातीवर, एक डोळ्यावर. छातीचे ठिपके ओळीने, जवळजवळ सारख्या अंतरावर पडले. डोळ्याचे मात्र एका जागी ढीगभर, मग मोकळी जागा, मग पुन्हा ढीग. डोकं मागे जातच नव्हतं. ते हवेत एका जागी थांबायचं, अंग खालून पुढे निघून जायचं, आणि मान पुरेना झाली की डोकं झटक्यात पुढची जागा धरायचं. पावलाइतकंच तेही 'टेकत' होतं, फक्त जमिनीवर नाही.

असं का, याचा शोध कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या बॅरी फ्रॉस्ट यांनी घेतला होता. त्यांचा निबंध १९७८चा. त्यांनी पारव्यांना ट्रेडमिलवर चालवलं. पाय चालू, पण भोवतालचं दृश्य जागच्या जागी. आणि मानेचे झटके जवळपास बंद! म्हणजे हा प्रकार तोल सांभाळण्यासाठी नाही, नजरेसाठी आहे. पारव्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे चालताना आजूबाजूचं सगळं जग त्याच्या डोळ्यांवरून मागे वाहत जाणार. डोकं थांबलं की ते चित्रही थांबतं.

हे वाचून मी खुर्चीत मागे रेलले, कारण आमची 'वॉक सायकल' म्हणजे ट्रेडमिलच. पक्षी जागच्या जागी चालवायचा आणि नंतर त्याला पार्श्वभूमीवरून पुढे ओढायचं. त्यात मान डौलदार मागेपुढे झुलत होती, पण जमिनीच्या वेगाशी तिचा हिशेब जुळलेला नव्हता. थांबायच्या वेळी डोकं नेमकं जमिनीच्याच वेगाने मागे यायला हवं, तरच ते अंगणात स्थिर दिसणार.

मुलाने वॉक सायकल बाजूला ठेवली आणि पारव्याला सरळ अंगणातून चालवलं. आमच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात एका पावलाला आठ फ्रेम येत होत्या: पाच फ्रेम डोकं खिळलेलं, तीन फ्रेममध्ये पुढे. पायांना हातही लावला नाही, आणि पारवा चालायला लागला.

दिग्दर्शक खूश. इतके, की त्याच शॉटमधल्या चिमणीला आणि बदकालाही मानेचे असेच झटके द्या म्हणाले. चिमणी दोन्ही पाय जुळवून उड्या मारते, तिला चालवायचंच नव्हतं, म्हणून तो विषय लगेच मिटला. बदकावरून मात्र फोनवर बरीच हुज्जत झाली. बदक डुलत चालतं, पारव्यासारखे झटके देत नाही, हे काही त्यांना पटेना. शेवटी त्यांना तळ्यावरच्या बदकांचं चित्रण पाठवलं, तेव्हा "बरं, राहू द्या" असं उत्तर आलं.