प्लॉट मालकाचा, तरोटा आमचा

नागपुरात, मानेवाड्यात आमच्या घराला लागून तीस बाय पन्नासचा प्लॉट बारा वर्षं रिकामा पडून होता. मालक पुण्याला. लेआउटमधल्या प्रत्येकाने घर बांधताना उरलेला मलबा तिथेच आणून टाकला. आम्हीही टाकला, खोटं कशाला बोलू. वरून छातीइतकं गाजरगवत.

मला इथल्याच रानातल्या झाडाझुडपांची बाग करायची होती. आधी लेआउटच्या खुल्या जागेसाठी एका कार्यालयात चार चकरा मारल्या. जागा नेमकी कोणाच्या ताब्यात, याचं उत्तर प्रत्येक टेबलावर वेगळं. तो नाद सोडला आणि पुण्याला फोन लावला.

मालकांना दोनच भीती होत्या. एक कब्ज्याची. दुसरी, उद्या घर बांधायला घेतलं तर झाडं आडवी येतील. 1975 च्या कायद्यामुळे शहरात मोठं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. पळस, बहावा, मोह अशी हौसेने केलेली यादी मी मुकाट्याने फाडली. स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की फक्त झुडपं, वेली आणि गवत लावू. सांगाल तेव्हा महिन्याभरात जागा मोकळी. आता वाटतं, ते अडून बसले हेच बरं झालं. धायटी, निर्गुडी दोन पावसाळ्यांत फुलली. मोह लावला असता तर त्याच्या फुलाची मी अजून वाट बघत असते.

मलबा तीन ट्रॉली निघाला. गाजरगवत मात्र फुलायच्या आत, ओल्या मातीतून मुळासकट उपटावं लागतं. पहिल्या दिवशी मोज्यांशिवाय हात घातला आणि आठवडाभर खाजवत बसले. खरा उपाय तरोट्याने, म्हणजे टाकळ्याने केला. पावसाआधी मोकळ्या मातीवर त्याचं बी फेकलं. तरोटा असा दाट उठतो की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला आणि काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. प्रत्येक रोपाशी बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरलं. दोन दिवसाआड भरायचं, बस्स. तरी मुरूडशेंगेची चारही रोपं गेली.

उन्हापेक्षा जड गेले शेजारी. "मॅडम, काऊन हे जंगल वाढवून राहिल्या? साप येतीन न!" साप उंदरांमागे येतो आणि उंदीर मलब्यात होते, डासही नारळाच्या करवंट्यांत आणि टायरांत साचलेल्या पाण्यात होत होते, हे मी दहादा सांगितलं. ऑगस्टमध्ये मी भावाकडे अमरावतीला गेले, तेवढ्यात कोणीतरी माणूस लावून सगळं सपाट केलं. रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या. त्याही गेल्या. त्या दिवशी मी कोणाशी बोलले नाही.

रुई बुडख्यातून पुन्हा फुटली. मी कुंपणाच्या कडेने दोन फूट पट्टा नीट कापून ठेवायला लागले. कडा स्वच्छ दिसली की आतलं रान लोकांना मुद्दाम ठेवलेलं वाटतं, एवढीच युक्ती. आणि आषाढात, ज्या काकूंना सापाची भीती होती, त्याच कुंपणापाशी पातेलं घेऊन उभ्या.

"कोवळा तरोटा आहे जी, भाजीपुरता तोडू का?"

तोडा म्हटलं, पण शेंडेच. खालची पानं पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्यांना ठेवा.

"त्याईले बी आवडते का?" म्हणत त्यांनी पातेलं अर्धंच भरलं.